चिपला लावलेलं गंध

भोईवाडा, परळ
दसरा, दुपार

तीर्थस्वरूप रघुवीरमामास,

स्पृहाचा नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण जमिनीवर दोन बारीक स्क्रू कुठेतरी आहेत, त्यांचं पुढे येईल. गुडघा कसा आहे? गावची हवा मानवली का? फोन न करता पत्र लिहितेय, कारण माझा 'हॅलो' ऐकला की तू लगेच 'काय मोडलंस?' असं विचारतोस. संध्याकाळच्या गाडीने चाळीतला वैभव गावी येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. (त्याने वाटेत वाचू नये म्हणून पाकीट खळीने चिकटवलंय.)

तर मामा, मी ऑफिसात पक्की होणार की नाही, ते सोमवारी ठरणार आहे. आमचे हितेंद्र सर म्हणाले, कॉम्प्युटरच्या चिप बनवणारी एक कंपनी आहे, एकेकाळची मोठी, हल्ली मागे पडलेली. ती स्पर्धेत टिकेल का, यावर अहवाल लिही, त्यावरून तुझं ठरवू. कंपनीचं नाव घरी सांगायला बंदी आहे, म्हणून सांगत नाही. (लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून तू स्वतः जोडलेला आणि गावी जाताना 'जिवापाड जप' म्हणून माझ्या हवाली केलेला कॉम्प्युटर आहे ना, त्याच्यावरचं लेबल कृपया आठवू नकोस.)

पहिली अडचण तत्त्वाची. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये चिप आहे ती नेमकी प्रतिस्पर्धी कंपनीची. एकीच्या जिवावर बसून दुसरीचं जगणं-मरणं लिहायचं, हे मला पटेना. कॅरमचा पंच कोणाही खेळाडूच्या पाटावर बसत नाही, हे मला तूच शिकवलंस. म्हणून अख्खा अहवाल घरी, तुझ्या कॉम्प्युटरवर लिहिला. नवा कारखाना रखडलाय, मोठी गिऱ्हाईकं दुसरीकडे गेलीत, चिप फार तापतात अशी ओरड आहे, सगळं नोंदवलं. पण टिकेल का, ते काही त्यातून कळेना. शेवटी शेजारच्या शिवाआजोबांना विचारलं. त्यांची तीस वर्षं गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर गेली. ते म्हणाले, "मशीन जुना झाला म्हणान गिरण बंद पडणा नाय गो. चांगले फिटर सोडून जाऊक लागले, की समजूचा." मी शोधलं. फिटर, म्हणजे तिथले इंजिनियर, खरंच गेले होते. पण गेल्या वर्षभरात त्यातले बरेच परत आलेत. ते वाचून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आपल्याच चाळीतलं कोणी परत राहायला आल्यासारखं वाटलं.

मग लक्षात आलं की मी चिप कधी पाहिलेलीच नाही. न पाहिलेल्या वस्तूवर मत देऊ नये (हेही तुझंच), म्हणून आज सकाळी कॉम्प्युटर उघडला आणि आतला पंखा काढला. तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली. मी म्हटलं, बाहेरून कुंकू लाव. तर म्हणते, "गिरणीत दसऱ्याला साच्याची पूजा करायचे, साच्यावरच्या कापडाची नाही." तुझी बहीण आहे, तुला सांगायला नको. चिपवर राखाडी काहीतरी माखलेलं दिसलं. "केवढा हा मळ! रघूने जन्मात पुसलं नसेल," असं म्हणून तिने पदराने चिप लख्ख केली. मी तेव्हा टेबलाखाली स्क्रू शोधत होते. वर आले तोवर चंदनाचं दाट गंध लावून झालं होतं. तो मळ नव्हता, चिपची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट होती, हे मी वाचलं ते पंखा परत बसवल्यावर. देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. मामा, सुरू झाला. घरभर चंदनाचा वास. त्या वासात मी शेवटचा परिच्छेद लिहिला: कंपनी टिकेल.

बाकी सर्व क्षेम. सोबत आपट्याचं पान ठेवलंय.

तुझी आज्ञाधारक भाची,
स्पृहा

ता. क. मुख्य गोष्ट वर लिहायचं धैर्य झालं नाही. पत्राला बसण्याआधीच गंध वाळलं आणि चिप तापून कॉम्प्युटर बंद पडला. अहवाल त्यातच आहे, दुसरीकडे कुठेच नाही. ती राखाडी पेस्ट घेऊन रविवारपर्यंत येशील का?

ता. क. २. पाकीट फोडलं. आईने मला न विचारता ताजं गंध उगाळून लावलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. अहवाल सरांना गेला. तू गुडघा सांभाळ, येऊ नकोस.

ता. क. ३. पुन्हा फोडलं. सरांचा फोन आला होता. अहवाल आवडला, शिवाआजोबांचं वाक्य विशेष. (त्यांचं नाव तळटीपेत दिलंय.) पण मी लिहिलंय की या कंपनीची अकरा वर्षं जुनी चिप मी स्वतः वापरली आणि ती तापत नाही. सर म्हणतात, सोमवारी ते मशीन ऑफिसात आण, सगळ्यांसमोर चालवून दाखव, मग तुला पक्की करू. तेव्हा मामा, पेस्ट घेऊन ये. खोटं मला बोलता येत नाही, आणि खरं दाखवायचं तर आईला सहाणेसकट न्यावं लागेल. ती तयार आहे. कुठली साडी नेसू, असं विचारतेय.