उतरलेला जांभळा

आये, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. मी चव्वेचाळीसची आहे आणि पुन्हा क्लासला जाते. कळंबोलीच्या ऑफिसात मी दिवसभर पत्ते टाइप करायचे, ते काम आता मशीनच करतं. म्हणून रोडपालीला एका दुकानाच्या माळ्यावर वेबसाइट बनवायला शिकतेय. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून दोनच वर्षांनी मोठी आहे.

पानावर काय लिहायचं ते एका फायलीत असतं. ते दिसावं कसं, अक्षर केवढं, रंग कोणता, कडेला जागा किती, ते दुसऱ्या फायलीत. या दुसऱ्या भाषेला सीएसएस म्हणतात. ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकायचा राहिला की ती ओळ आणि पुढची, दोन्ही लागू होत नाहीत, आणि चूक कुठे झाली हे पान सांगत नाही. पहिल्या आठवड्यात मी तासभर पांढऱ्या पानासमोर बसून होते. त्या मुलीने वाकून एक खूण टाकली आणि सगळं रंगीत झालं. "होतं असं, ताई," ती म्हणाली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने जिन्यात जाऊन डोळे पुसून आले.

मग तिने सांगितलं, आपल्या आवडीच्या माणसाचं एक पान करून आणा. मी तुझं करायला घेतलं. मच्छी मार्केटातली तुझी जागा, डोक्यावरची पाटी, घरी आल्यावर लिंबाच्या सालीने हात घासत तू चुलीपुढे बसायचीस ते, सगळं लिहिलं. फोटो एकच, ओळखपत्रावरचा, काळा-पांढरा. म्हटलं, मागचा रंग तरी तुझ्या लुगड्याचा देऊ. आणि तिथेच अडले. मला तो आठवेना. रोज सकाळी मी तुझ्या मागे मागे एसटीपर्यंत चालत यायचे, तुझी पाठ समोर असायची, तरी आठवेना.

दादाला फोन केला. "हिरवं होतं ना गं," तो म्हणाला, आणि फोन ठेवता ठेवता, "की निळं?" रविवारी आपट्याला मावशीकडे गेले. "नाय गो पोरी, जांभला व्हता," ती म्हणाली. मी तिथेच लॅपटॉप उघडून जांभळा टाकला. तिने डोळे बारीक केले. "ह्यो नाय. तुज्या आयचा उतरलेला व्हता." मी फिका केला. "अजून उतरलेला." आणखी फिका केला. ती मान हलवत राहिली आणि मी रंगाचे आकडे बदलत राहिले. शेवटी पान जवळजवळ पांढरं झालं, तेव्हा तिने मान हलवायची थांबवली. उठून चहा टाकायला गेली.

मी बारावीला होते तेव्हाची गोष्ट तुला आठवते का? दिवाळीच्या आधी दुकानदाराकडून दोन लुगडी घरी दाखवायला आणली होतीस. स्वतःसाठी तू कधी असं काही आणायची नाहीस. दोन्ही माझ्यापुढे पसरलीस. "कंचा बरा दिसल मना?" मी पुस्तकातून मान वर केली नाही. म्हटलं, "कुठलंही घे." तू ती आणखी पुढे सरकवलीस. "वर बघून तरी सांग गो." मी पान उलटलं. तू एक घडी करून ठेवलंस, दुसरं परत दिलंस. कुठलं ठेवलंस ते मी नंतरही बघितलं नाही. पुढे वर्षानुवर्षं तू तेच नेसलीस. आता सगळे रंग माझ्या बोटांखाली आहेत, आणि विचारायला तू नाहीस.

काल क्लासात पान दाखवलं. मावशीच्या घरी केला होता तोच, जेमतेम दिसणारा जांभळा ठेवला होता. शिकवणाऱ्या मुलीने ते वरपासून खालपर्यंत वाचलं. "छान झालंय, ताई. कोण आहेत या?"

सगळे वळून बघत होते. मी पडद्यावरून मान वर केली नाही.

"एका गिऱ्हाइकाचं काम आहे," मी म्हणाले.