मंगळवारची जनाना बाग

चैत्र वद्य सप्तमी, मंगळवार. फसली १३२४

आज बागेत मर्द सापडला! जनान्याच्या वेळेला! आणि फाटकाची किल्ली माझ्या कमरेला.

हे कुणाला तरी सांगायलाच हवं. पण बोलू कुणाशी? पोथीवर बोट फिरवून फिरवून अक्षरं शिकले ती बरीच झाली — निदान कागदाशी तरी बोलता येतं.

सरकारी बाग रोज पुरुषांना मोकळी. मंगळवारी दुपारनंतर फक्त बायकांची. माझे मालक बागेचे मोठे माळी होते, ते गेल्यावर कमिटीनं हे काम मला दिलं, राहायला विहिरीजवळची खोलीही. घंटा वाजवायची, मर्द बाहेर काढायचे, आतून कुलूप. रस्त्याच्या बाजूला मेंदीचं उंच कुंपण, मागे भिंत. हिरवळीवर वहाणा घालून जायचं नाही असा कमिटीचा कायदा, म्हणून जो आत जाईल त्याच्या वहाणा फाटकाशी. शेवटची वहाण उठली की बाग रिकामी. मालकही असंच बघायचे. त्यावर एक फेरी मारायची, हेही खरं. आज मारली नाही. टांगे लवकर आले, बायका उन्हात ताटकळलेल्या, माझे गुडघे ठणकत होते. म्हटलं, वहाणा नाहीत ना? मग झालं.

आणि आश्रुबा मोटेचे बैल उतरतात त्या धावेच्या आडोशाला आडवा! आमचा मोट हाकणारा, मालकांच्या बरोबरीचा म्हातारा. ताप चढला म्हणून सावलीला टेकला, तो तिथंच गुंगी लागली. आणि त्याच्या वहाणा? आसाराम माळी घालून पाटोद्याला बहिणीकडे गेलेला — स्वतःच्या वहाणेचा अंगठा तुटला म्हणून! न विचारता. हे मला संध्याकाळी कळलं.

मी फाटकाशीच होते. बायका आत रमलेल्या. नायबसाहेबांच्या बेगमसाहेबा बुरखा फेकून झोक्यावर उभ्या, आणि खालून कापडवाल्यांच्या चंद्रभागाबाई ओरडतायत, "अहो, फांदी मोडंल, मग साहेबाला काय सांगू?" एवढ्यात चंद्रभागाबाईंच्या सुनेची किंकाळी! मी धावले. सून धावेकडे बोट दाखवत थरथरतेय. डाळिंबांच्या पलीकडे आश्रुबाचं मुंडासं दिसलं.

तोंडातून निघून गेलं — "साप! धामण हाय! मागं व्हा, समद्या झोक्याकडं चला!"

पळाल्या सगळ्या. विहिरीवर माझं लुगडं वाळत होतं ते आश्रुबाला गुंडाळलं, मिशांवरून पदर ओढला. "वैनी, ह्ये काय करताय? पानी द्या." म्हटलं, "गप ऱ्हा. बोललास तर दोघंबी मेलो." विहिरीकडच्या लहान दारातून त्याला बाहेर लोटला. पाणीसुद्धा दिलं नाही मी त्याला.

गेल्या साली पतंगासाठी जनान्यात भिंत उतरला त्या तरण्या पोराला भर चौकात वेत बसले होते. आश्रुबाच्या हाडांना एक वेत सोसायचा नाही.

चैत्र वद्य अष्टमी, बुधवार

बोभाटा झाला. मागच्या गल्लीत एक टांगेवाला उभा होता, मला दिसलाच नाही! वेशीत उभा राहून सांगतोय — "लई उंच म्हातारी! पाय बगावं तर बाभळीच्या खोडावानी. वाऱ्यानं पदर उडाला तर खाली मिशा!"

सकाळी तो एक माणूस होता. दुपारपर्यंत त्याच्या हातात सुरा आला. तिसऱ्या प्रहरी भाजीवाली मलाच सांगत होती, म्हणे दरोडेखोर होता, बेगमसाहेबांच्या दागिन्यांवर डोळा ठेवून आलेला.

मग आप्पाराव आले. कमिटीकडून बागेची देखरेख त्यांच्याकडे. वाईट माणूस नाही, पण वरून आवाज आला की ह्यांचा घसा बसतो. "भिवराबाई, खरं सांगा. वरून विचारना झालीया. जनान्याचा दिवस ठिवायचा का बंद करायचा, म्हनतेत."

"साप होता," मी म्हणाले.

"आन् ती म्हातारी?"

"मला न्हाई दिसली."

मान हलवत ते निघून गेले. दिवस बंद झाला तर? या बायकांना सगळ्या आठवड्यात तेवढंच एक आभाळ.

नवमी, गुरुवार

कोणी दार वाजवलं की वाटतं आलेच. आज मांजरानं भांडं पाडलं आणि मी किंचाळले.

दशमी, शुक्रवार

सटव्याला धरलं!

सटवा बहुरूपी. आष्टीकडचा. दर चैत्रात बिऱ्हाड घेऊन बीडला येतो. कधी वाघ होतो, कधी फौजदार, आणि म्हातारी सासू तर अशी करतो की हसून हसून बरगड्या दुखतात. कोतवालीच्या अमीनसाहेबांनी त्याच्या गाठोड्यातून लुगडं काढलं, टांगेवाल्याला विचारलं, "ह्योच का?" तो म्हणाला, "ह्योच असंल." असंल! एवढ्यावर माणूस कोंडला.

चौकात बघणारे सांगत होते. अमीन म्हणाले, "औरतों का भेस लेता ना तू?" सटवा म्हणाला, "व्हय साहेब. बाप घ्यायचा, आजा घ्यायचा. तुमच्याच वाड्याम्होरं पोट धरून हसलाव की तुमी परवा." लोक हसले. अमीन हसले नाहीत.

दुपारी त्याची बायको बागेच्या फाटकाशी आली. डोक्यावर उन्ह, पायात काही नाही. माझे पाय धरले तिनं.

"मावशी, तुमी फाटकावर व्हता. एवडंच सांगा तितं — त्यो मानूस माजा नव्हता. एवडंच!"

मी तिला पाणी दिलं, गूळ दिला. म्हटलं, बाई, बघते. आत येऊन दाराला कडी घातली आणि खाली बसले. काय बघते? तो माणूस तिचा नव्हता हे साऱ्या बीडात मलाच तर ठाऊक आहे! पण "तो नव्हता" म्हटलं की पुढचा सवाल यायचा — मग कोण होता?

एकादशी, शनिवार

उपास. तसाही घास उतरत नाही.

आश्रुबाकडे जाऊन आले. वेशीबाहेर भाचीकडे पडलाय. डोळे आत गेलेले, ओठांवर पापुद्रे. आसाराम कोपऱ्यात बसून वहाणांकडे बघत होता, जणू त्या चावतील. आश्रुबाला सटव्याचं कळलंय. आसारामानंच सांगितलं, मूर्खानं.

"वैनी, मी जातो कोतवालीत. मला काय, चार वेत."

"उठून बस आदी."

उठला. भिंत धरली. आणि तसाच खाली घसरला. भाची रडायला लागली. तो मात्र मला म्हणतो, "त्या बहुरूप्याचा जीव कावून घालवता, वैनी? त्यो हसवतो. आपुन काय करताव, पानी देताव झाडाला."

परत येताना ठरवलं. उद्या मीच जाणार. सांगायचं की फेरी मी चुकवली, कुलूप मी घातलं, लुगडं मी नेसवलं. तापलेल्या माणसाला काही समजत नव्हतं. वेत मारायचे तर मला मारा. लिहायला सोपं वाटतं. खोली जाणार, काम जाणार. बागच जाणार माझी.

द्वादशी, रविवार

गेले. बारस सोडली, अर्धी भाकरी खाल्ली आणि गेले. कोतवालीच्या पायरीवर दोनदा मागे फिरले, तिसऱ्यांदा पहारेवाल्यानंच विचारलं, "काय हरवलं का मावशी?" मग जावंच लागलं.

अमीनसाहेब पान लावत होते. मी उभ्याउभ्या सगळं ओकले. वहाणा, आसाराम, धाव, लुगडं, लहान दार. ते काहीच लिहून घेईनात. पान तोंडात घातलं, चघळलं. मग म्हणाले —

"बुढ्ढी, तू क्या बोल रई? कल बेगमसाहेबा का बयान हो गया. परदे के पीछे से. मंगळवार कू जितनी बायां थीं, सब का हो गया. कोई मर्द नई था. साँप था."

त्यांनी पान गालात सरकवलं.

"अब तू अकेली बोलती, मर्द था. तो मैं बेगमसाहेबा कू झूटी लिखूँ क्या?"

आप्पाराव शेजारी बसलेले. त्यांनी डोळ्यांनीच विनवलं मला — नको, नको! खरं बोलायला आले होते. पण आता माझं खरं म्हणजे त्या सगळ्या बायकांचं खोटं! त्यांच्या घरी काय होईल? चंद्रभागाबाईंची सून अजून नवी नवरी आहे.

"म्हातारपन हाय साहेब," मी म्हणाले. "उनानं डोस्कं फिरलं. सापच व्हता."

"हौ. जा फिर."

मर्दच नव्हता म्हटल्यावर सटव्याला तिथंच सोडला. बाहेर येऊन त्यानं मला वाकून नमस्कार केला, अगदी त्याच्या सोंगातल्या सासूसारखा कमरेवर हात ठेवून. मला हसूही येईना आणि रडूही.

उन्ह उतरल्यावर चंद्रभागाबाई आल्या. दारातूनच सुरू. "अवो भिवराबाई, आमाला काय आंधळ्या समजलाव? बापाच्या वयाचा मानूस, तापानं फनफनलेला. तुमी यायच्या आदी माज्या सुनंनंच त्याच्या तोंडात पानी घातलं. मग त्यो उठून बसला म्हनून घाबरली, बोंबलली येडी!"

"तर मग म्हणाला न्हाईत कावून?"

"तुमी साप म्हनलाव, आमीबी साप म्हनलाव. बेगमेनं पैल्यांदा सांगितलं, लई लांब व्हता म्हनून. दुसरी म्हनली पिवळा. मी म्हनलं काळा. अमीन लिहिणाऱ्यावर खेकसला, 'रंग छोड दे!'" असं हसल्या की पदर तोंडात घातला.

मीही हसले. सहा दिवसांनी पोटभर जेवले. लई दिवसांनी झोप येईल असं वाटतंय.

त्रयोदशी, सोमवार

झोप कसली.

सकाळी आप्पाराव हुकूम घेऊन आले. माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "सापाचं बयान वर गेलं. वरचे साहेब म्हनाले, बायामानसांच्या जागंत साप म्हंजी काय? झाडी माजलीया. मेंदीचं कुंपन गुडघ्यापरमान छाटा. आजच्या आज."

"अहो, कुंपन गेलं तर रस्त्यावरनं समदं उघडं! बायका बसायच्या कुठं?"

"त्ये मी बोललो. म्हनाले, वाढंल की परत."

वाढंल! मालकांनी लावलेली मेंदी. माणसाच्या वर डोकं जायला किती पावसाळे लागले, ते मला विचारा. तोवर कोण ठेवतो जनान्याचा दिवस? बायकाच आल्या नाहीत तर बंदीचा हुकूम काढायचीही कुणाला गरज नाही. आपसूकच बुडाला.

आणि हे केलं कुणी? मी. साप कुणी सोडला बागेत? मी! आश्रुबा वाचला, सटवा सुटला आणि बायकांची बाग मी माझ्या हातानं कापली.

आसाराम कोयता चालवत होता. हिरवा वास सगळीकडे. मी दार लावून घेतलं तरी येत होता.

चतुर्दशी, मंगळवार

फाटकाशी बसून लिहितेय. घंटा दिली, फेरी मारली — दोनदा. बाग रिकामी. पण रस्ता भरलाय! रिकामटेकडे कुंपणाच्या खुंटांपाशी पान खात उभे. टांगेवालाही आहे. कुलूप काढायची हिंमत होईना. काढून काय, येणार कोण?

चंद्रभागाबाई आल्या. पायी. मागे सून. कुंपणाकडे बघितलं, त्या बाप्यांकडे बघितलं, आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काढा कुलूप. आता तोंड फिरवायचं काम त्यांचं."

दोघी आत गेल्यात. झोका हललाय. रस्त्यावरचे दोघे-तिघे खाली बघायला लागलेत, बाकीचे नाही.

बेगमसाहेबांचा टांगा आला. दाराशी थांबलाय. पडदा खाली. कोणी उतरत नाही, आणि टांगा परतही फिरत नाही.

पडदा हलला—