पाच मिनिटं चालू केलेली गाडी

सौ. छकुलीच्या आईस,

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. छकुलीचा खोकला थांबला का?

आपल्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट चिकटा दिसला म्हणून तू घाबरलीस. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर काळजी नको. शेजारचे बँकवाले रोज सकाळी पाच मिनिटं गाडी चालू करून बंद करतात ना, त्याचा हा प्रसाद. एवढ्या थंडीत तेवढ्यानं इंजिन तापत नाही. आतल्या वाफेचं पाणी होतं, ते ऑइलमध्ये मिसळतं आणि गाळ धरतो.

त्यांना सांग, रोज येऊ नका. आणि काम पाच मिनिटांचं असताना चहा दोनदा कसा होतो? "भावजी फार हसवतात," असं तू लिहिलंस. एके काळी मीही हसवायचो.

काल देवापुढे हात जोडले आणि तुमचं सुख मागायचं सोडून त्यांची बदली मागून बसलो. मग लाज वाटली. पण मागणं काही परत घेतलं नाही.

उपाय एकच. ऑइल बदलायचं आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास लांब फिरवून आणायची. तुला चालवता येत नाही, म्हणजे न्यायची त्यांनीच. नेऊ दे बिचाऱ्यांना. "वहिनी, चला की," असं म्हणतीलच. तुला गार वारा सोसत नाही, हे लक्षात ठेव. जायचंच झालं, तर पुढच्या सीटवर आईला बसव.

आईला माझा साष्टांग नमस्कार, छकुलीला पापा. बँकवाल्यांनाही नमस्कार सांग. दारातूनच.

तुझाच,
छकुलीचे बाबा