चिमटा घरी राहिला

रविवार, ९ एप्रिल

चि. खारूस,
आजीचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतोय, त्याला दुसरा उद्योग नाही. तुझ्या आईची रात्रपाळी असली तर तिला दिवसा झोपू दे, आणि तू दुपारपर्यंत लोळत पडू नकोस. आपलं इस्त्रीचं दुकान चालू आहे. नवी इस्त्री हलकी आहे, आणि हलक्या माणसासारखीच कामाला टिकत नाही.

अक्षर बघून हसू नकोस. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून मी लिहिलं ते गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकांची नावं, तेवढंच. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी तुला बोलू देईन याची मलाच खात्री नाही. कागदावर निदान मध्ये तोंड घालायची सोय नाही.

त्या दिवशी शाळेच्या कार्यक्रमात तुझं भाषण चालू असताना मी मध्येच उठले, कारण दुकानात इस्त्री चालू राहिली होती. असं मी तुला संध्याकाळी सांगितलं. तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि बॅग भरायला बसलीस. दुसऱ्या दिवशी सुट्टीला म्हणून आईकडे गेलीस.

नववीला माझ्याकडे आलीस तेव्हा मागच्या खोलीत कपड्यांच्या गठ्ठ्यांआड बसायचीस. कुणी नाव विचारलं की मी सांगायची. कितवीत, तेही मीच. काय आवडतं, तेसुद्धा मीच. मला काय डोंबल माहीत होतं? तू "पा… पा…" करायला लागलीस की मी पाणी आणून द्यायची, आणि तू मुकाट पिऊन टाकायचीस. पुढे कळलं, निम्म्या वेळा तुला पाय दुखतात असं म्हणायचं होतं. एवढं पाणी पाजलं तुला, आणि बूट लहान झालेत ते कळलं नाही.

मग तुझ्या शाळेतल्या त्या भाषेच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "अडलीस तर अडू दे. ऐकणाऱ्यांना थांबू दे." मला वाटलं, या बाईला पगार कशाचा देतात! पण तू घरी येऊन हँगरवरच्या शर्टांसमोर भाषण करायला लागलीस. सगळे कडक, एक हलेल तर शप्पथ. मी मध्ये बोलले की चिडायचीस. "आ… आजी, शर्ट बघ कसे गप्प आहेत!" शेवटी तूच दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून माझ्या हातात ठेवलास. तू बोलायला लागलीस की तो मी ओठांत धरायचा. लाळ गळायची, गिऱ्हाइकं हसायची, पण हिवाळाभर धरला. तू एकेक वाक्य तडीस न्यायला लागलीस. शिंप्यानं तुझ्या गणवेशाचं माप चुकवलं तेव्हा तूच त्याच्याशी भांडलीस, वेळ लावून, पण शेवटपर्यंत. मी चिमटा धरून बघत होते.

कार्यक्रमाला ठेवणीतले कपडे काढले, केसांना तेल लावलं. चिमटा घरी राहिला. राहिला कसला, मीच ठेवला. चारचौघांत तोंडात चिमटा धरून कोण बसणार, म्हटलं.

तू "ज… ज…" वर अडलीस. सगळा हॉल थांबला होता गं. पोरं, बाई, पाहुणे, सगळे. मीच तेवढी पहिल्या रांगेतून ओरडले, "जबाबदारी!" मग लोक हसले. हसले मला, पण तिथे उभी होतीस तू.

इस्त्री गार होती, खारू. बटण मी सकाळीच बंद केलं होतं. तुझ्या तोंडाकडे बघवेना म्हणून पळाले.

परवा तुमच्या शाळेचा शिपाई कपडे टाकायला आला. तुला ठाऊकच आहे, त्याचं एक वाक्य होईपर्यंत ओली कॉलर वाळते. "तुमची नात… म्हणजे त्या दिवशी… तुम्ही गेल्यावर…" माझ्या जिभेवर आलं होतं, 'रडली ना?' दात आवळून उभी राहिले. मग म्हणाला, "हसू थांबेपर्यंत थांबली. मग तो शब्द स्वतः म्हणाली, आणि पुढचं सगळं. झाल्यावर पहिल्या रांगेकडे बघत होती. तुमची खुर्ची रिकामी होती."

हे तू मला त्याच संध्याकाळी सांगितलं असतंस. मी विचारलंच नाही, इस्त्रीची थाप मारत बसले. ओरडले ते सवयीनं. उठून गेले ते भित्रेपणानं. तू घाबरत घाबरत उभी राहिलीस, आणि एवढी घोडी झालेली मी पळाले.

दहावी तू तिकडेच करणार, असं तुझ्या आईच्या बोलण्यातून जाणवलं. माझा काही हट्ट नाही. म्हणजे आहे, पण तो इथे लिहीत नाही. तुझं काय ठरलंय ते तिनं सांगायचं नाही आणि मी ओळखायचं नाही. तू सांग. लागू दे वेळ.

रविवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा फोन कर. उचलल्यावर इकडून काही आवाज आला नाही तर ठेवून देऊ नकोस. ती मीच असेन.

ओठांत चिमटा धरलेली,
तुझी आजी