नाकेदाराची मागणी

बाबा, मी फासा टाकणारच होते आणि तुम्ही तो माझ्या मुठीतून काढून घेतलात. वीस बाजूंचा, निळा, आमच्याकडचा एकुलता एक. "हे कसलं? ती दोन वाक्यं बोलली, आणि आता हा फासा सांगणार समोरच्याला पटलं की नाही?" मी म्हणाले, नियम तसाच आहे. तुम्ही हातातला पेपर टीव्हीवर ठेवलात आणि आमच्या नकाशाशेजारी फरशीवर मांडी घातलीत. गुडघे कुरकुरले ते सगळ्यांना ऐकू आलं.

दोन हजार सहा साल, शांती नगरमधला आपला हॉल, रविवारची दुपार, आई मामाकडे गेलेली. खेळ असा होता की एकाने गोष्ट सांगायची, ती मी. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. अडलं की फासा. नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स माझ्याकडे होती. तलवार कशी चालवायची यावर तिच्यात ऐंशी पानं होती. बोलण्यावर अर्धं पान. चौदाच्या वर पडलं तर समोरचा ऐकतो, नाहीतर नाही. शेजारच्या सिल्व्हर पार्कमध्ये राहणारे दोघे भाऊ सरदार झाले होते. माझी गोडदेव गावातली मैत्रीण मीठवाली झाली होती, कारण तिची आजी मिठागरावर राबलेली. तिच्याकडे तलवार नव्हती, तिला नकोही होती. तीन रविवार ती बोलायला जात होती, फासा चौदाच्या खालीच पडत होता आणि भाऊ तलवारी उपसत होते. तुम्ही येण्याच्या जरा आधी ती म्हणाली होती, "आजचा शेवटचा. माझ्या बोलन्याचा उपयोग न्हाय, तर मी हाय कशाला?" मी काहीच बोलले नाही. आतल्या खोलीतून तुम्ही ते ऐकलं असणार.

गोष्टीत तेव्हा तिच्या मिठाच्या होड्या खाडीच्या नाक्यावर अडवलेल्या होत्या. नाकेदार सोडत नव्हता.

"नाकेदार कोण?" तुम्ही विचारलंत.

"मीच. बाकीचे सगळे मीच असते."

"आज मी."

मग तुम्ही नियम सांगितलात. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तुम्ही वर्षानुवर्षं कामगारांच्या बाजूने बोलणी करायला बसायचात. घरी त्याबद्दल कधी बोलायचा नाहीत. "मालकासमोर बसलं की आधी त्याची मागणी आपण सांगायची. तो 'बरोबर' म्हणेपर्यंत आपली काढायची नाही. आणि तो 'चूक' म्हणाला तर का चूक ते तो सांगणार नाही. आपण शोधायचं."

"तुला जकात पायजे," मैत्रीण म्हणाली.

"चूक. आणि नाकेदाराला अरेतुरे?"

"बरं, नाकेदारसाहेब. तुमाला फुकटात मीठ पायजे."

"चूक."

"अंकल, मैं तलवार निकालूँ क्या?" धाकट्या भावाने विचारलं.

"तू चहा टाक."

तो खरोखर उठून गेला आणि आतून ओरडला, "आंटी शक्कर किधर रखती है?" कुणी उत्तर दिलं नाही. मैत्रीण तुमच्याकडे पाहत होती. तिच्या आवाजातली चिडचिड गेली होती. "तुमच्या जागी दुसरं कोन बसतं?" "कोणी नाही." "जेवायला घरी कधी जाता?" "जात नाही." "पोरं हायेत?" "आहेत. मोठी झाली असतील."

ती थांबली. मला आत्ता लिहितानाही ती तशीच थांबलेली दिसते, बोट नकाशावरच्या खाडीवर. मग ती सावकाश म्हणते, "तुमाला मीठ नको, पैसं नको. तुमाला उठायचंय. पन उठलात तर नाक्यावर कोनी न्हाय, म्हनून बसलाय."

"बरोबर," तुम्ही म्हणता.

मी उठून उभीच राहिले. मोठा भाऊ ओरडला, ये तो चीटिंग है, फासा तो फेंकना पडेगा. तुम्ही म्हणालात, टाका की, पण पटलं की नाही त्यासाठी नाही, ते झालंय. नाकेदार होड्या सोडतो, पण त्याच्या जागी हिला किती दिवस बसावं लागेल त्यासाठी टाका. तिने टाकला. एकोणीस. मोठा आकडा म्हणून भाऊ सवयीने नाचायला लागले, तेवढे दिवस बसायचंय हे विसरून. मग थोरल्याने तलवार म्हणून धरलेली फूटपट्टी खाली ठेवली आणि म्हणाला, "दस दिन मैं बैठता हूँ. तू जा, मीठ बेच के आ." तीन रविवारांत तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला होता. धाकटा चहा घेऊन आला. चहा खारट होता. नाकेदाराने तो सगळा प्यायला.

मी वही ओढली आणि लिहीत सुटले. किती गोष्टी उघडल्या, बाबा! रुसलेल्याची समजूत, लग्नाची बोलणी, भाड्याची खोली मिळवणं, या सगळ्याला नियम करता येणार होते, आणि ते मारामारीपेक्षा अवघड आणि मजेचे असणार होते. फाशाने माणूस पटवायचा नाही, पटण्याची किंमत ठरवायची. मी आजही खेळ घेते, आणि नवीन लोक बसले की हाच नियम आधी सांगते. काल एक बाई पाऊण तास समोरच्याची मागणी शोधत होत्या. 'बरोबर' ऐकलं तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली आणि मला तुम्हाला सांगायचं होतं. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. हा कागद वहीतच राहील.

एक मात्र तुम्हाला माहीत नव्हतं. ती जाते म्हणाली तेव्हा मी गप्प राहिले, ते संकोचाने नाही. ती गेली तर खेळ सोपा होईल असं मला वाटत होतं. आमच्या वर्गातल्या एका मुलाला, ज्याला फक्त लढाया हव्या होत्या, मी आदल्याच दिवशी तिची जागा देऊन ठेवली होती.

खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन केला आणि जागा नाही म्हणून सांगितलं.