करड्या मोज्यांची कबुली

दिनांक १४, दुपार

तीर्थरूप मोठ्या काकांस,

धाकट्या पुतणीचा खुर्चीतून उठून, दोन्ही हात जोडून नमस्कार. (खरेच उठले होते. ताईने पलंगावरून विचारले, "कोण आलंय गं?" काका आले आहेत असे सांगणार होते, पण सध्या तिला दचकवायला मनाई आहे.) तुमची झोप कशी आहे? आईच्या पायाचे प्लॅस्टर अजून किती दिवस? तिला सांगा, खाज कितीही सुटली तरी आत विणकामाची सुई घालू नको. ती घालते, हे मला इथे बसून ठाऊक आहे.

इकडे ताईची तब्येत चांगली आहे. डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उठायचे नाही असे बजावले आहे, आणि तिचा स्वभाव पाहता ही शिक्षा तिला नसून मला आहे. बाळ पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला येईल असा अंदाज. जिजाजी जहाजावर आहेत आणि त्यांचे जहाज आजपासून सातव्या आठवड्याच्या शेवटी बंदराला लागणार. आईचे असे झालेले. म्हणजे तोवर तिला पाणी द्यायला, दवाखान्यात न्यायला आणि तिची बोलणी खायला मी एकटी. आणि माझा पाहुणी म्हणून राहण्याचा परवाना संपत होता याच महिन्याच्या १९ तारखेला! वीस तारखेच्या सकाळी चहा टाकला असता, तर तो बेकायदेशीर चहा झाला असता. म्हणून दोन महिन्यांच्या मुदतवाढीचा अर्ज केला. त्याची हकिगत तुम्हाला कळवणे माझे कर्तव्य आहे, कारण जे झाले त्याला बऱ्याच अंशी तुम्ही जबाबदार आहात.

रागावू नका. लहानपणी माझ्या दम्यामुळे मला नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत घातले नाही आणि जेवणाच्या टेबलावर तुम्ही शिकवले. बाकीची मुले गाईवर निबंध लिहीत होती तेव्हा मी अर्ज लिहीत होते. माझा पहिला अर्ज 'विषय : उद्या अभ्यासास न बसण्याबाबत' असा तुमच्याच नावे होता आणि कारण अपुरे म्हणून तुम्ही तो परत केला होता. हेडक्लार्क असताना तुम्ही तीन नियम पाळलेत, तेच मला दिलेत. रकाना रिकामा सोडायचा नाही. विचारलेले सगळे सांगायचे. आणि ऐकीव माहिती कागदावर आणायची नाही. तर इथला अर्ज चौदा पानांचा आहे. त्यात जागा कमी पडल्यास वेगळा कागद जोडावा, अशी सूट आहे. मी एकवीस कागद जोडले. 'आपणास इतर कोणत्या नावाने ओळखले जाते काय?' या प्रश्नाखाली घरातली चारही नावे लिहिली, तुम्ही रागावल्यावर हाक मारता ते पाचवे लिहिले, आणि ते फक्त रागात वापरतात अशी टीप दिली. 'आपणास यापूर्वी कुठे प्रवेश नाकारला आहे काय?' याचे उत्तर देताना सातवीत गायनाच्या वर्गातून काढले होते ते आठवले. (ताई म्हणाली, "तो प्रवेश नाकारला नव्हता, घेतलेला परत केला होता." तो फरकही मी नमूद केला.)

पाच नंबरच्या पानावर मात्र घाम फुटला. 'या वास्तव्यात आपण मोबदला घेऊन कोणतेही काम केले आहे काय?' आता काका, वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्या आठ दिवस गावाला गेल्या तेव्हा त्यांच्या झाडांना मी पाणी घातले. परत आल्यावर त्यांनी मला हाताने विणलेले लोकरीचे मोजे दिले, करडे, एक जोड. मी ते घातले. थंडी होती. दोन दिवसांनी हा प्रश्न वाचला आणि पाय एकदम जड झाले. ताईला विचारले तर ती म्हणाली, "अगं बावळट, मोजे आहेत ते, पगार नाही! 'नाही'वर खूण कर आणि मला उशी दे." उशी दिली. पण 'नाही'वर खूण करायला हात धजेना. शेवटी 'होय'वर खूण केली आणि खाली लिहिले : काम, पाणी घालणे. कालावधी, आठ दिवस. कुंड्या, अकरा (पैकी एकीतले झाड माझ्या आधीच वाळलेले होते). मोबदला, मोजे.

आठवड्याने बोलावणे आले. ताईचा चेहरा पांढरा पडला. मला 'बावळट'देखील म्हणाली नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मी ओळखले. परवा, सोमवारी, शिक्षिकाबाईंना ताईजवळ बसवून मी निघाले. कचेरी म्हणजे तुमच्याच कचेरीची थोरली बहीण. तीच भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, तेच मान टाकलेले झाड कोपऱ्यात, तीच दोरीने बांधलेली पेनं, आणि त्यातले चालणारे एकच. नंबराचे चिटोरे घेऊन अडीच तास बसले. माझ्या आधीचा माणूस एका मिनिटात बाहेर आला, त्याच्या हातात एकच कागद होता. मला त्याची काळजी वाटली.

चार नंबरच्या खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई होत्या. त्यांनी माझी फाईल दोन्ही हातांनी उचलून ठेवली. त्यांच्या भाषेत झालेले बोलणे मराठीत लिहिते. त्या म्हणाल्या, "हे मोज्यांचं काय आहे?" मी पिशवीतून मोजे काढून समोर ठेवले आणि म्हटले की सरकारजमा करायला आणले आहेत. बाईंनी चष्मा खाली घेतला. "हे वापरलेले आहेत." मी म्हटले, "एकदाच. तेव्हा मी प्रश्न वाचला नव्हता. धुतलेत." त्यांनी मागे वळून साहेबांना हाक मारली. साहेब आले, त्यांनी मोज्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि "ते वाळलेलं झाड कुठलं होतं?" एवढेच विचारून निघून गेले. (जाताना त्यांचे खांदे हलत होते. त्यांना खोकला असावा.) मग बाईंनी शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेली भेट म्हणजे मोबदला नव्हे, असे तोंडी सांगितले. मी ते लेखी मागितले. त्यांनी लिहून दिले.

मला वाटले, सुटले. पण खरा फास नवव्या पानावर होता. 'मुदत संपल्यावर आपण मायदेशी परत जाल याची खात्री काय?' बाई म्हणाल्या, "नोकरी?" सोडून आले आहे, असे मी सांगितले. "नवरा?" नाही. "घर, जमीन?" वडिलांचे, आणि ते अजून त्यांनाच पुरत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे परत जाण्यासारखं तुम्हाला काहीच नाही?" काका, जिजाजींनी जहाजावरून कळवले होते की लग्न ठरलंय म्हणून ठोकून दे. जिभेवर आलेही होते. ताईचा पांढरा चेहरा डोळ्यांसमोर होता, एकोणीस तारीख होती, आणि एका खोट्या नवऱ्याने सगळे निभावले असते. पण त्याचे नाव-गाव विचारले असते तर? मला तर खऱ्याचेही ठाऊक नाही. मग जे खरे होते तेच तोंडातून आले. मी म्हटले, "माझे काका आहेत. त्यांच्या डोळ्यांत रोज दोनदा औषधाचे थेंब घालावे लागतात आणि ते फक्त माझ्याकडूनच घालून घेतात. दुसऱ्या कुणी बाटली जवळ आणली की घट्ट डोळे मिटतात आणि पेन्शनीवर बोलायला लागतात."

"मग सध्या कोण घालतं?"

"आई खुर्चीवर बसून घालते, शेजारचे कंपाउंडर डोकं धरतात. निम्मे थेंब कानात जातात."

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. मग म्हणाल्या, "माझे वडील पलंगाखाली जाऊन बसतात." आणि त्यांनी टाईप करायला घेतले. मी पुढे झुकून पाहिले : 'परतीचे कारण, काकांचे डोळे.' शिक्का बसला. दोन महिने मिळाले! मोजे परत करताना बाईंनी ते मला तिथेच पायात घालायला लावले.

घरी येऊन ताईला कागद दाखवला. ती आधी हसली, मग रडली, मग पोट दुखतंय म्हणाली, मग नुसती भूक लागली होती असे निघाले. तेव्हा काका, तुमच्या शिकवणीने अडकले होते आणि तुमच्याच डोळ्यांनी सोडवले. बाकी सर्व क्षेम. थोरांना नमस्कार, धाकट्यांत घरी मीच होते, म्हणून कुणाला आशीर्वाद नाहीत.

तुमची आज्ञाधारक,
पुतणी

ता. क. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात आईचा फोन आला. ती म्हणाली की गेल्या मंगळवारपासून तुम्ही आरशासमोर उभे राहून स्वतःचे थेंब स्वतः घालता आणि आल्यागेल्याला करून दाखवता. नेमका कुठला मंगळवार, हे मी मुद्दाम विचारले नाही. अभिनंदन.

ता. क. २. परवान्याच्या मागे बारीक अक्षरात एक अट आहे : परतीच्या कारणात बदल झाल्याचे कळल्यापासून सात दिवसांत या कचेरीला कळवावे. मी तो कागद वाचून पलंगाच्या कडेला बसले. ताईने विचारले काय झालं, मी म्हटले काही नाही. (हे माझे या वर्षातले पहिले खोटे.) पण नंतर विचार केला. आईने सांगितले ते ऐकीव. तुमच्या हस्ताक्षरात येईपर्यंत मला काहीही कळलेले नाही, हा तुमचाच तिसरा नियम. हे पत्र पोचायला तीन आठवडे, तुमचे उत्तर यायला तीन, आणि वर माझे सात दिवस. जहाज सातव्या आठवड्याच्या शेवटी लागते. तेव्हा उत्तर सविस्तर लिहा, खरे तेच लिहा, पण साध्या टपालाने पाठवा. लिहायला दोन-चार दिवस जास्त लागले तर मी रागावणार नाही. तोवर फोनवर आलात तर हवापाण्याबद्दल बोलू.

ता. क. ३. उभ्याने नको, पडून घाला. तोल जाईल. (हे वाक्य मी लिहिलेले नाही.)