आयुष्यभराची हमी

२ मे

आणि चौथ्या वार्ताहराने तर माझं वाक्य संपायच्या आतच फोन ठेवला. वाक्य छोटंच आहे. नमस्कार, एजन्सीतून बोलतोय, आमची मेल मिळाली का? पहिला म्हणाला मिळाली. दुसरा म्हणाला नाही मिळाली. तिसरा म्हणाला कुठली. प्रतिसाद संमिश्र आहे असं मॅडमना कळवलं. जनसंपर्काची ही एजन्सी त्यांचीच. त्या म्हणाल्या, पुन्हा कर.

पहिल्याच दिवशी मीडिया रिलेशन्स माझ्याकडे आलं म्हणायला हरकत नाही.

बसायची जागा फोटोकॉपी मशीनच्या मागे. खिडकी आहे. भिंत रंगवताना तीही रंगवून टाकली, त्यामुळे उघडत नाही. एकाग्रतेला चांगलं.

संकल्प: महिनाभर रोज लिहायचं. पुढे आठवणी लिहिताना उपयोगी पडेल.

४ मे

ऑफिसचं दार कार्डाने उघडतं. आतूनही. इंटर्नला कार्ड मिळत नाही. आज जेवायला बाहेर जायचं होतं, पण दाराशी कोणी कार्डवालं आलंच नाही. उभा राहिलो. मग परत येऊन बसलो.

माझ्यासारखीच इंटर्न असलेली एक मुलगी आहे. दिवसभर कात्रणं स्टेपल करते, म्हणून तिला सगळे स्टेपलर म्हणतात. ती डबा आणते. म्हणाली, मीही पहिल्या आठवड्यात दाराशी उभी राहायचे. तिची ही तिसरी इंटर्नशिप. मी विचारलं, नोकरी कधी देणार? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला मेल मिळाली का म्हणून विचारलं होतं.

तिच्यात महत्त्वाकांक्षा कमी आहे.

दुपारी कात्रणं पट्टीने मोजली. क्लायंटची बातमी किती सेंटिमीटर आली त्यावर एजन्सीचं यश ठरतं. माझ्या हातून आज तीन सेंटिमीटर यश मोजलं गेलं. त्यात शेजारच्या जाहिरातीची चौकट धरली आहे.

७ मे

घरी करार पक्का झाला. बाबांचं नळ-पाइपांचं दुकान आहे आणि त्यांच्या मते कॉलेज संपलं की मी तिथे बसायचं. मी मुदत मागून घेतली होती. बाबा म्हणाले, "मे संपेपर्यंत नोकरीचं पत्र आण, तुझा रस्ता तुला मोकळा. नाही आणलंस तर एक जूनपासून काउंटरला." मी म्हटलं, पंधरा तारखेलाच आणतो. ताई म्हणाली, वीसपर्यंत थांब, घाई नको. ताईचा टोमणा कळायला वेळ लागतो. आत्ता लिहिताना कळला.

काउंटरची जागा मी लहानपणापासून पाहिली आहे. एका बाजूला पाइपांच्या कोपर्‍यांचे खोके, दुसर्‍या बाजूला टी-जॉइंटचे, मध्ये एक स्टूल. स्टुलावर बसलं की समोरच्या इमारतीची भिंत दिसते. बाबा ती तीस वर्षं बघत आलेत. मला ते जमणार नाही.

जेवताना पुन्हा नळांचा विषय. एका कंपनीचे नवे नळ लोक परत आणून देताहेत. तीन महिन्यांत वॉशर कडक होतो आणि नळ ठिबकायला लागतो. दुकानामागे परत आलेल्या नळांची पेटी भरली आहे. कंपनी बदलून देत नाही आणि शिव्या बाबांना बसतात. बाबा म्हणाले, त्या मालकाला कोणी समोरासमोर विचारायला पाहिजे.

घरात विषयांची फार चणचण आहे.

१० मे

मोठं काम. नळ बनवणारी एक कंपनी आपली क्लायंट आहे. (तीच. घरी बोललो नाही. व्यावसायिक गोपनीयता.) त्यांचा नवा नळ येतोय, आयुष्यभराची हमी असलेला. सतराला पत्रकार परिषद. प्रेस नोटमध्ये मालकसाहेबांच्या तोंडी दोन वाक्यं घालायची आहेत, ती मॅडमनी मला लिहायला सांगितली.

म्हणजे मालक स्वतःची वाक्यं स्वतः बोलत नाहीत. त्यांच्याऐवजी मी बोलतो. हे आज कळलं आणि दिवसभर मशीनच्या मागे ताठ बसून राहिलो.

लिहिलं: "पाणी वाहतं, काळ वाहतो, पण विश्वास वाहून जात नाही. आमचा नळ म्हणजे थेंबाला लावलेली शिस्त." मॅडमनी वाचलं. दोन्ही वाक्यं काढली आणि लिहिलं, "ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे." पण स्वल्पविराम कुठे द्यायचा ते मला विचारलं. त्या वाक्यात स्वल्पविराम नाही. तरी विचारलं, हे महत्त्वाचं.

रात्री बाबांना सांगितलं की एका उद्योगपतीचा आवाज मी घडवतोय. ते म्हणाले, घसा बसलाय का त्याचा?

१३ मे

पत्रकार परिषदेला यायला एकही वार्ताहर तयार नाही. सगळ्यांना फोन केले. एकाने माझा आवाज ओळखला आणि रिंग वाजायच्या आधीच कट केला असावा, इतक्या लवकर कट झाला. जेवण आहे असं सांगून पाहिलं. व्यापाराच्या पानाचे एक म्हातारे वार्ताहर म्हणाले, बसून आहे की उभ्याने? बसून, म्हटलं. येतो म्हणाले.

एक नक्की. मॅडमना "होकार यायला लागलेत" असं कळवलं.

उद्यापासून सकाळी लवकर उठून सगळे पेपर वाचायचे. उद्या शनिवार आहे. सोमवारपासून.

१७ मे

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

हॉलमध्ये साठ खुर्च्या, म्हातारे वार्ताहर एकटे. असं झालं तर काय करायचं ते एजन्सीत ठरलेलं असतं. स्टाफ खुर्च्यांवर बसतो. हिशेब बघणारे, ड्रायव्हर, स्टेपलर, मी, सगळ्यांनी हातात पॅड धरायचं आणि साहेब बोलले की लिहायचं. ड्रायव्हर भराभर लिहीत होता. नंतर पाहिलं तर गाडीचे नंबर होते.

मॅडमनी मला चिठ्ठी दिली. प्रश्न विचारायची वेळ आली की मी उभं राहून चिठ्ठीतलं विचारायचं: सर, आपल्या यशाचं रहस्य काय? साठ खुर्च्यांमधून माझी निवड. कारण स्पष्ट आहे. स्टेपलर म्हणते, तुझा शर्ट इस्त्रीचा होता म्हणून.

साहेब बरेच बोलले. आयुष्यभराची हमी हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला की म्हातारे वार्ताहर घड्याळाकडे बघायला लागले. जेवणाचा वास येत होता. माझी वेळ आली. उभा राहिलो आणि एक गोष्ट लख्ख दिसली. यशाचं रहस्य हा प्रश्न कोणताच खरा पत्रकार विचारणार नाही. साहेबांनाही तो मानहानीकारक आहे. त्यांना कठीण प्रश्न हवा, म्हणजे कठीण उत्तर देऊन ते उजळून निघतील. माझ्या बाजारपेठेच्या अभ्यासातून एक मुद्दा तयारच होता. मी विचारलं, "सर, तीन महिन्यांत वॉशर कडक होऊन नळ ठिबकतो अशी तक्रार आहे, त्याचं काय?"

ड्रायव्हरने लिहायचं थांबवलं.

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहून प्रोत्साहन दिलं. साहेब म्हणाले, "हमी नळाची आहे. वॉशरची कुठे आहे?"

म्हातार्‍या वार्ताहरांनी चष्मा लावला आणि ते वाक्य उतरवून घेतलं. दिवसभरात एवढंच लिहिलं त्यांनी.

जेवताना मॅडम बोलल्या नाहीत. भारावून गेल्या असाव्यात. पत्रकारांना भेट म्हणून एकेक नळ वाटला, मलाही मिळाला. घरी बाबांना दिला. त्यांनी खोका फिरवून कंपनीचं नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग खोका फडताळावर ठेवला. आनंद व्यक्त करणं त्यांना कधी जमलं नाही.

१८ मे

पहिल्या पानावर. "हमी नळाची, वॉशरची नाही!" खाली साहेबांचा फोटो, तोंड उघडं.

पट्टीने मोजलं. बेचाळीस सेंटिमीटर. एजन्सीच्या इतिहासात कुठल्याही क्लायंटला इतकी जागा मिळालेली नाही. फाइलमध्ये नोंद केली आणि कारण या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. स्टेपलरने ते खोडलं. मत्सर नको म्हटलं तर म्हणाली, तुझ्याच भल्यासाठी.

मॅडम दिवसभर फोनवर. काचेतून दिसत होत्या. नुसत्या हो हो म्हणत होत्या.

घरी वेगळंच वातावरण. कंपनीचा माणूस सकाळीच दुकानात फोन करून म्हणाला, पेटीतले सगळे नळ बदलून देतो, यादी पाठवा. बाबांनी आईला बातमी दोनदा वाचून दाखवली. म्हणाले, विचारणारा कोणीतरी निघाला. कोण असेल तो पत्रकार, त्याच्या आईबापांचं भलं होवो. आई म्हणाली, होवो. मी भाजी वाढून घेतली. गोपनीयता.

इतक्या वर्षांत बाबा माझ्याबद्दल असं पहिल्यांदाच बोलले. ते माझ्याबद्दल आहे हे त्यांना माहीत नव्हतं, एवढंच.

१९ मे

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली नाही, म्हणजे अनौपचारिक. म्हणाल्या, क्लायंट जायच्या बेतात आहे. उद्याच्या पेपरात साहेबांचा खुलासा गेला पाहिजे. "तू घाण केलीस, तूच पूस. दोष नळात नाही, दुकानदार नीट बसवून देत नाहीत, असं लिही. साहेबांच्या तोंडी. ते छापून आलं तर तुझ्या पत्राचं बघू."

पत्र. शब्द त्यांनीच काढला.

मशीनच्या मागे येऊन बसलो. थोडा विचार केला. वॉशरचं बाबांनी सांगितलेलं खरं आहे, मी पेटी पाहिली आहे. पण खरं काय हा पत्रकारांचा प्रश्न, आमचा नाही. शिवाय लिहायचं होतं किरकोळ दुकानदारांबद्दल. बाबा ठोकही विकतात.

तरी पहिलं वाक्य होईना. जरा बाहेर फिरून यावं म्हणून दाराशी गेलो. कार्डवालं कोणी नव्हतं. दाराच्या काचेत मीच दिसत होतो, इस्त्रीच्या शर्टात. परत आलो आणि एका बैठकीत लिहून काढलं:

"नळ आम्ही बनवतो, पण तो बसवणारा हात आमचा नसतो. दोष नळाचा नाही, बसवणार्‍याचा आहे."

मॅडमनी वाचलं. एकही शब्द काढला नाही. पहिल्यांदाच. स्टेपलरला दाखवलं. ती म्हणाली, छान आहे. तुझे बाबा काय करतात म्हणाला होतास?

मी म्हटलं, बिझनेस.

२० मे

छापून आलं. अकरा सेंटिमीटर, शब्दाला शब्द.

मॅडमनी पत्र दिलं. नोकरीचं नाही. इंटर्नशिप तीन महिने वाढवल्याचं. पण लेटरहेडवर आहे, खाली सही आहे. शिवाय कार्ड मिळालं. त्यावर माझ्या आधीच्या इंटर्नचा फोटो आहे, पण दार उघडतं. तीन वेळा आत-बाहेर केलं. चौथ्यांदा बाहेर जाऊन काय करायचं ते सुचेना, म्हणून आत आलो.

संध्याकाळी पत्र खिशात घेऊन घरी. बाबांसमोर पेपर उघडा होता. कंपनीने सकाळी कळवलं म्हणे, बदलून देणार नाही, पेपर वाचा. दुपारपर्यंत आणखी दोघं नळ परत देऊन गेले आणि तुम्ही नीट बसवत नाही म्हणून बोलूनही गेले. त्यातला एक जण वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक.

बाबांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मी प्रत्येक शब्द त्यांच्याबरोबर मनात म्हणत होतो. वाचून त्यांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, "हे ज्याने लिहिलंय त्याने जन्मात एक नळ बसवलेला नाही."

शैलीबद्दल काही बोलले नाहीत.

ताई माझ्याकडे बघत होती. मग तिने फडताळावरच्या खोक्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. मी पत्र काढलं, म्हटलं, पत्र आणलंय. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं, तारखेसकट. विचारलं, नोकरी आहे का ही? म्हटलं, त्याच दिशेने आहे. त्यांनी पत्र माझ्या हातात परत दिलं, फार हळू, जसं परत आलेलं सामान घेताना ते गिऱ्हाइकाला काही बोलत नाहीत तसं.

उद्या ते पेटी घेऊन कंपनीच्या डेपोत जाणार आहेत, समोरासमोर बोलायला. म्हणाले, सकाळी दुकान तू उघड. एक जूनला अजून अवकाश आहे असं मी सांगणार होतो. सांगितलं नाही. एकच सकाळ आहे. डोक्यात एक योजनाही आहे, दुकानाला थोडं ब्रँडिंग हवं.

२१ मे

सकाळी शटर उघडलं. स्टुलावर बसलो. भिंत दिसली.

पहिलं गिऱ्हाईक ठिबकणारा नळ घेऊन आलं. मी वॉशर बदलला आणि दुकानातल्या पाइपावर नळ बसवून दाखवला. ठिबकला. काढला, पुन्हा बसवला. जास्त ठिबकला. ते गृहस्थ खिशातून कालचं कात्रण काढून म्हणाले, पेपरात बरोबर दिलं होतं. आणि नळ तिथेच सोडून गेले.

खाली बादली ठेवली आहे. भरली की रिकामी करतो. बाबा अजून आलेले नाहीत.